डेंड्रोबियम कुंडीतून बाहेर पळतंय, रिपॉट कधी करू आणि कशात? (मुक्काम इंदूर)

नवखी_माळीण

नमस्कार मंडळी. ऑर्किडवरचे जुने धागे वाचले, पण ते सगळे मुंबई-कोकणातले. तिकडची हवा वेगळी, आमच्या इंदूरची वेगळी, म्हणून नवीन काढतेय. चालत नसेल तर अ‍ॅडमिननी हलवा.

माझ्याकडे डेंड्रोबियम आहे, जांभळं-पांढरं, लग्नाच्या स्टेजवर सजावटीला लावतात ना तेच. नर्सरीवाला सोनिया म्हणाला. आणलं तेव्हा तीन काठ्या आणि फुलांचा एक दांडा होता. ऑर्किड म्हणजे फार हळू वाढणारं नाजूक प्रकरण असं ऐकून होते, पण हे तर सुटलंच आहे! दर पावसाळ्यात बुडातून नवा कोंब येतो आणि तो आधीच्या काठीपेक्षा उंच जातो, आता सगळ्यात नवी काठी कुंडीच्या काठाबाहेर हवेत लटकतेय. तिची मुळं पण आत न जाता कुंडीला बाहेरून चिकटत खाली उतरलीयेत. एका जुन्या काठीच्या शेंड्याला छोटं पिल्लू फुटलंय, त्यालाही मुळं आहेत. जरा वारा आला की कुंडी आडवी.

घर राजेंद्र नगरला, तिसरा मजला, बाल्कनी पश्चिमेला. हिरवी नेट लावलीय. पाणी नर्मदेचं, नळ आला नाही तर बोअरचं. कुंडीत नारळाच्या सालीचे तुकडे होते ते आता चहाच्या चोथ्यासारखे झालेत, बोट घातलं की आत जातं.

तर प्रश्न असे की मे चालू आहे, बाहेर ४२, आत्ता हात लावू का थांबू? यूट्यूबवर एक म्हणतो फक्त कोळसा वापरा, दुसरा म्हणतो कोळसा अजिबात नको. कुंडी केवढी घ्यायची? पिल्लू कापायचं का? आणि सासूबाईंचं म्हणणं आहे की बागेतली काळी माती घाल, फक्कड येईल.

छप्पन_दुकान

काळी माती नका घालू ताई. बाकी मला यातलं काही माहीत नाही, रुमाल टाकून ठेवतो, बायकोनेही असंच एक आणलंय.

बागुलबुवा

सासूबाईंना सांगा, माळव्याच्या काळ्या मातीत सोयाबीन येतं, गहू येतो, हे नाही येणार. ही झाडं मूळची झाडांच्या फांद्यांवर राहणारी. मुळांवर जो पांढरा जाड थर दिसतो तो स्पंजासारखा काम करतो, पाऊस पडला की पटकन पाणी ओढून घेतो, मग वाऱ्याने वाळतो. पाणी आणि हवा दोन्ही आळीपाळीने पाहिजे. काळी माती भिजली की चिकट गोळा होते आणि वाळली की भेगा पडतात, मुळं आधी गुदमरणार आणि मग तुटणार.

आता वेळ. मे मध्ये नको. पण "जूनमध्ये करा" असंही मी म्हणणार नाही, कारण कॅलेंडर बघून रिपॉट करायचंच नसतं. नव्या कोंबाच्या बुडाकडे बघा. कोंब चार-पाच बोटं वाढला की त्याच्या बुडाशी बारीक फुगवटे येतात, त्यातून हिरव्या टोकाची नवी मुळं डोकावतात. ती अर्धा इंचभर असतानाच काम उरकायचं. का, तर रिपॉट करताना जुन्या मुळांपैकी बरीचशी दुखावतात, त्यातली काही मरतातच, त्यांच्या भरवशावर झाड राहिलं तर सुकतं. नवी मुळं निघायच्या बेतात असली की ती थेट नव्या मटेरियलमध्ये घुसतात आणि झाड थांबत नाही. उशीर केला आणि ती तीन-चार इंच झाली तर काढता-घालताना त्यांची टोकं मोडतात. मूळ वाढतं ते टोकाकडूनच, टोक मोडलं की त्या मुळाची लांबी तिथेच संपली, फार तर मागून फाटा फुटेल.

इंदुरात ही वेळ साधारण मृगाचा पाऊस पडून गेल्यावर येते, म्हणून लोक जून-जुलै सांगतात. तोवर झाड पश्चिमेच्या उन्हातून आत घ्या. आडवं होतंय तर कुंडी दुसऱ्या जड कुंडीत बसवा. बास.

अपवाद एकच. बुडाशी हलवून बघा, सगळं झाड लटलट हलत असेल, आणि मुळं दाबल्यावर पिचपिचीत लागत असतील तर वाट बघू नका, आहे त्या दिवशी काढा.

नवखी_माळीण

बुवा, किती छान समजावलंत. हलवून बघितलं, जुन्या काठ्या घट्ट आहेत, फक्त बाहेर लटकलेली हलते. सगळ्यात नव्या काठीच्या बुडाशी एक हिरवा डोळा फुगलाय, हरभऱ्याच्या डाळीएवढा. तोच का कोंब?

बागुलबुवा

तोच. त्याला बोट लावत बसू नका.

सुरसागर

बडोद्याहून. मी फक्त लाकडी कोळसा आणि विटांचे तुकडे वापरते, नारळ अजिबात नाही. पावसाळ्यात नारळ भिजून राहतो आणि मुळं काळी पडतात. कोळसा कुजत नाही, वर्षानुवर्षं तसाच. माझी डेंड्रोबियम वाड्यात आंब्याखाली झोपाळ्याच्या जुन्या कड्यांना टांगलेली आहेत, भरपूर फुलतात. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ नळीने पाणी, झालं. उगाच सालं-बिलं, मॉस-बिस काही नको.

लोकल_गाडी

+१. ठाण्यात कोळसा एके कोळसा. आमच्याकडे मॉस घातलं की आठवड्यात शेवाळ. कोळसा घाला आणि विसरून जा.

निमाडी_मिरची

ठाण्याला विसरून जा म्हणायला काय जातंय :) तिकडे हवेतच पाणी आहे. इंदूरला एप्रिल-मे च्या दुपारी बाहेर टॉवेल वाळत घातला तर चहा होईपर्यंत वाळतो. नुसत्या कोळशाला दुपारी बारापर्यंत पाण्याचा मागमूस राहत नाही. सुरसागरताई दिवसातून दोनदा नळी मारतात, वाड्यात आंब्याची सावली, खाली ओली जमीन. ही बाई तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेची बाल्कनी, खाली तापलेली फरशी, आणि नोकरी करत असेल तर दुपारी पाणी कोण घालणार?

मी स्वतः मिश्रण वापरते. निम्मा कोळसा, निम्मे नारळाच्या सालीचे मोठे तुकडे, तळाला विटांचे खडे. आणि प्लास्टिकची जाळीदार कुंडी, मातीची नाही. मातीची कुंडी सगळ्या बाजूंनी पाणी उडवते, ते कोकणात बरं, आपल्याकडे उन्हाळ्यात नको.

हे कोणाचं ऐकून ठरवायची गोष्टच नाही, करून बघायची आहे. जे मिश्रण घालणार आहेस ते रिकाम्या कुंडीत भर, झाडाशिवाय. बादलीत बुडवून काढ, बाल्कनीत जिथे झाड ठेवणार तिथेच ठेव, आणि मध्ये एक लाकडी काडी खोचून ठेव. काडी रोज काढून गालाला लाव. गार लागतेय तोवर आत ओल आहे. उन्हाळ्यात ती काडी एक-दीड दिवसात कोरडी झाली तर मिश्रण बरोबर. दुपारपर्यंतच वाळली तर नारळ वाढव, चौथ्या दिवशीही ओली असेल तर कोळसा वाढव.

सुरसागर

दोनदा पाणी घालते हे मी लिहिलंच आहे की. पण पावसाळ्यात तुमचा नारळ काय करतो ते सांगा.

निमाडी_मिरची

पावसाळ्यात कुंडी छज्जाखाली सरकवायची ना. पाऊस अंगावर किती येऊ द्यायचा ते आपल्या हातात आहे, हवेतला कोरडेपणा नाही. आणि साल कुजते हे खरंच आहे, दीड-दोन वर्षांनी बदलावी लागते. तेव्हा झाड पण कुंडीबाहेर आलेलंच असतं, दोन्ही कामं एकदम होतात. कोळसा कुजत नाही पण पाण्यातले क्षार धरून ठेवतो, वर पांढरा थर दिसतो तो तोच, म्हणजे तोही आयुष्यभर चालत नाही.

सुरसागर

पांढरा थर मलाही येतो, हे मान्य. मी महिन्यातून एकदा भरपूर पाणी घालून धुऊन काढते.

रामबागकर

यावरून पाण्याचं. बोअरचं पाणी ऑर्किडला देऊच नका हो. आमच्या बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) मीटरवर ७०० च्या वर दाखवतो, आणि मुळांची टोकं तपकिरी होऊन जळत होती ते खताने असं मी समजत होतो. आता फक्त नर्मदेचं, तेही एक दिवसाआड येतं म्हणून ड्रममध्ये भरून ठेवतो. पावसाळ्यात पत्र्याच्या पन्हाळीखाली बादली, याच्यासारखं पाणी नाही. एसीचं पाणी पण चालतं, त्यात क्षार जवळपास नसतात. आरओचं वाया जाणारं मात्र अजिबात नको, त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात, लोक नेमकं तेच झाडांना घालतात.

अवांतर: जलूदहून एवढं लांब पंप करून आणलेलं नर्मदेचं पाणी मी ऑर्किडला घालतोय हे वडिलांना कळलं तर मला घराबाहेर काढतील.

छप्पन_दुकान

भिया, आपल्याकडे लोक त्याच पाण्याने गाडी धुतात. तुम्ही निवांत घाला.

निमाडी_मिरची

उन्हाळ्याची अजून एक युक्ती. खसच्या पडद्यांचा कूलर ज्या खोलीत लावता त्या खोलीच्या खिडकीत झाड ठेवा, कूलरच्या थेट झोतात नाही, जरा बाजूला. हवा गार पण आणि दमट पण. माझी सगळी झाडं मे महिना कूलरच्या खोलीत काढतात. रात्री मात्र बाहेर. शब-ए-मालवा उगाच म्हणत नाहीत, आपल्याकडे दिवस कितीही तापला तरी रात्र उतरते, आणि दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक यांना मानवतो. तसंही बरीचशी डेंड्रोबियम पानांवरची छिद्रं रात्री उघडतात आणि कर्बवायू तेव्हा घेतात, दिवसा बंद करून पाणी वाचवतात.

नवखी_माळीण

कूलर हॉलमध्ये आहे, आजच आणते आत. सासूबाईंना टीव्हीशेजारी झाड दिसेल, त्या काय म्हणतील ते बघू.

सामान कुठे मिळेल? नर्सरीत विचारलं तर "ऑर्किड मिक्स" म्हणून बारीक कोकोपीट देत होते.

निमाडी_मिरची

कोकोपीट नाही! ते बारीक भुश्शासारखं असतं, चिखल होतो त्याचा. तुला साल पाहिजे, अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे. देवळाबाहेरच्या नारळवाल्याकडे सोललेल्या नारळाच्या शेंड्या पोत्याने पडलेल्या असतात, फुकट देतो. घरी आणून कात्रीने तुकडे कर, पाण्यात भिजत घाल, पाणी लालसर तपकिरी होतं ते रोज बदल, पाणी साफ दिसेपर्यंत. समुद्राकाठच्या नारळात मीठही असतं, ते निघून जायला पाहिजे.

कोळसा इस्त्रीवाल्याकडे किंवा भुट्टेवाल्याकडे. साधा लाकडी. बार्बेक्यूसाठी ज्या चौकोनी वड्या मिळतात त्या नको, त्यात काय काय मिसळलेलं असतं. कोळसा पण रात्रभर भिजवून धुऊन घे, नाहीतर काळी भुकटी तळाला बसून भोकं बुजवते.

छप्पन_दुकान

भुट्टेवाल्याकडे गेलात तर भुट्ट्याच्या किसासाठी दोन कणसं पण आणा. जिरावन वरून.

खारूताई

माझ्याकडे डेंड्रोबियम नाही, पिवळं ऑन्सिडियम आहे, डान्सिंग लेडी म्हणतात ते. तेही असंच भराभर वाढतं. पण नवी पानं अशी आडवी चुणीदार येतात, इस्त्री न केलेल्या साडीच्या निऱ्या पडतात तशी [फोटो टाकायचा प्रयत्न केला, अपलोड होत नाही]. रोग आहे का?

बागुलबुवा

रोग नाही. पान कोवळं असताना पाणी कमी पडलं की ते पान उलगडताना अडकतं आणि चुण्या पडतात. एकदा पडलेल्या जात नाहीत, पुढचं पान सरळ येतंय का ते बघायचं. ऑन्सिडियमची मुळं सुतळीपेक्षा बारीक असतात, मोठ्या कोळशाच्या तुकड्यांत त्यांना ओल पुरत नाही. मटेरियल बारीक घ्या आणि पाणी जास्त वेळा. हवेत लटकणारी मुळं मात्र कोळपली असतील तर आतली पण तपासा, कधीकधी पाणी भरपूर असतं पण मुळंच मेलेली असतात, मग झाडाला दुष्काळच.

नवखी_माळीण

मंडळी, काल केलं रिपॉट. परवा छान पाऊस झाला, आणि तो हिरवा डोळा आता बोटभर कोंब झालाय, बुडाशी दोन हिरवी टोकं. बुवांनी सांगितलं तसंच.

आधी कुंडी बादलीत भिजवली, मुळं मऊ पडावीत म्हणून. कुंडी प्लास्टिकची होती, तरी निघेना, शेवटी कडेने कात्रीने फाडली. आतलं बघून मला धक्का. बाहेरच्या बाजूची मुळं चांगली, पांढरी आणि टणक, पण अगदी मध्ये नर्सरीतला मूळचा काथ्याचा ठोकळा तसाच होता, चिंब ओला, आणि त्याच्यातली सगळी मुळं मेलेली. चिमटीत धरून ओढलं की वरचं साल निघून येत होतं आणि आत नुसता दोऱ्यासारखा तंतू राहत होता. वासही कुबट. तो ठोकळा चिमट्याने तुकडे करून काढला, एक तास गेला त्यात. टणक मुळं ठेवली, दोऱ्यावाली सगळी कापली. दालचिनीची पूड काठीच्या कापलेल्या जागी लावली.

काठ्या पाच झाल्यात, दोघींची पानं गळलीत. त्या बिनपानांच्या काढून टाकू का? उगाच जागा खातात. आणि पिल्लाची मुळं दीड-दोन इंच झालीयेत.

बागुलबुवा

बिनपानांच्या काठ्यांना हात लावायचा नाही! त्या पाण्याच्या आणि अन्नाच्या टाक्या आहेत, हिरव्या आणि टणक आहेत तोवर नव्या कोंबाला त्याच पुरवतात. शिवाय सोनियासारख्या जातीत जुन्या काठीच्या शेंड्यातून पुढच्या वर्षीही दांडा येऊ शकतो. पिवळी होऊन वाळली, पोकळ झाली, तेव्हाच काढा. आणि झाडाचे दोन भाग करायचा मोह झाला असेल तर तोही नको, पाच काठ्यांचं झाड आहे. एका भागात निदान तीन-चार काठ्या राहिल्या पाहिजेत, नाहीतर दोन्ही भाग दोन वर्षं रुसून बसतात.

तो मधला ठोकळा हे फार लोकांना माहीत नसतं, बरं झालं लिहिलंत. रोपं टिशू कल्चरच्या बाटलीतून काढली की त्यात लावतात आणि पुढे प्रत्येक कुंडीत तसाच सरकवतात. बाहेरचं मटेरियल सुकतं, मध्ये महिनोन्‌महिने ओल. दालचिनी फक्त काठीच्या जखमेला, मुळांना चोळू नका, कोवळी मुळं वाळवते ती.

पिल्लाला अजून थोडं थांबा, मुळं बोटभर झाली की काठीचा छोटा तुकडा ठेवून कापा आणि लहानशा ग्लासएवढ्या कुंडीत लावा. पिल्लं का आली ते आता तुम्हाला कळलंच, खाली मुळं मरत होती म्हणून झाडाने वर सोय केली.

कात्री कशी निर्जंतुक केली होती?

नवखी_माळीण

गॅसवर धरली होती. स्पिरिट नव्हतं.

बागुलबुवा

गॅस स्पिरिटपेक्षा बरा. ऑर्किडचे दोन विषाणू आहेत, सिंबिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट, दोन्ही पात्याला लागलेल्या रसातून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात आणि त्यांना औषध नाही. प्रत्येक झाडाला पातं नव्याने तापवायचं.

निमाडी_मिरची

बसवलंस कसं ते लिहिलं नाहीस. जुन्या काठ्या कुंडीच्या काठाला टेकवून आणि नवा कोंब मोकळ्या जागेकडे, असं आहे ना? मध्यभागी लावलं की वर्षभरात परत बाहेर. कुंडी केवढी घेतलीस?

नवखी_माळीण

हो, तसंच. आधी सहा इंची होती, दुकानदार दहा इंची गळ्यात मारत होता, म्हणे एकदाच मोठी घ्या. मी सात-साडेसातचीच घेतली, तळाला विटांचे जड खडे. कोंबाचं बूड वर उघडं ठेवलंय. सगळ्या काठ्या बांबूच्या कामटीला सुती पट्टीने बांधल्या, आता हलवलं तर कुंडीसकट हलतंय. बाहेर उतरलेली मुळं आत वाकेनात म्हणून ती बाहेरच राहू दिली.

निमाडी_मिरची

शाब्बास. न हलणं हे सगळ्यात महत्त्वाचं, झाड डुलत राहिलं की नव्या मुळांची टोकं कोळशाला घासून मरतात. आता चार-पाच दिवस कुंडीत पाणी ओतू नकोस, कापलेलं वाळू दे, नुसता पानांवर आणि बाहेरच्या मुळांवर सकाळी फवारा. मुळं फवाऱ्याने हिरवी होतात आणि वाळली की पुन्हा चंदेरी, तेवढं बघत राहा.

सुरसागर

छान झालं. आणि खारींपासून सांभाळा, आमच्याकडे नारळाची साल घातली की खारी घरट्यासाठी उपसून नेतात. कोळसा कोणी नेत नाही, एवढंच सांगते :)

नवखी_माळीण

पुन्हा मी. झडी लागली होती, झाड पुढे होतं, भिजलं. नव्या कोंबाच्या पोंग्यात पाणी साठलं होतं आणि आज एका पानाच्या बुडाशी काळा पाणीदार डाग, कालच्यापेक्षा मोठा. नर्सरीवाल्याने "साफ" नावाचं बुरशीनाशक दिलं, ते मारलं, तरी डाग पसरतोय. काय करू?? कोंब जाईल का?

बागुलबुवा

आत्ता लगेच करा. झाड आत घ्या, पंखा लावा. काळा भाग जिथे संपतो त्याच्या खाली निदान बोटाच्या पेराएवढा निरोगी भाग धरून तापवलेल्या पात्याने कापा, कापल्यावर आत तपकिरी ठिपका दिसला तर अजून खाली. मग मेटालॅक्सिल आणि मॅन्कोझेबचं एकत्र औषध मिळतं, लिटरला दोन ग्रॅम, ते फवारा.

साफ का चाललं नाही ते सांगतो. हा काळा कूज बहुतेक पिथियम किंवा फायटोफ्थोरा प्रकारचा असतो, ती खरी बुरशी नव्हेच, पाण्यात पसरणारा वेगळा गट. साफमधलं कार्बेन्डाझिम त्याच्यावर चालत नाही. त्यातलं मॅन्कोझेब बाहेरून थोडं अडवतं, पण आत शिरलेल्याला नाही. मेटालॅक्सिल आत शोषलं जातं. पानावर सुके तपकिरी, कड असलेले ठिपके असते तर साफ ठीक होतं. फवारताना हातमोजे आणि तोंडाला फडकं, घरात फवारू नका.

नवखी_माळीण

कापलं. एक पान आणि कोंबाची वरची बाजू गेली, आतला गाभा पांढरा निघाला. औषध बाजारातून आणून गच्चीवर जाऊन मारलं.

नवखी_माळीण

डाग थांबला. तो कोंब आता वाढणार नाही असं दिसतंय, पण शेजारच्या काठीच्या बुडाशी नवीन डोळा आलाय!! आणि मुळं तीन कोळशांना चिकटलीत, कोळसा उचलला तर मूळ सुटत नाही.

खत आता देऊ का?

रामबागकर

मुळं चिकटलीत तर द्या. मी १९:१९:१९ देतो, लिटरला जेमतेम अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, ओल्या मुळांवर. पाकिटावर लिहिलेलं माप शेतातल्या पिकाचं असतं, तेवढं घालू नका. ऑक्टोबरनंतर कमी करत बंद.

खारूताई

विषयांतर होतंय पण विचारते, माझ्या दिरांनी निमाडात जुन्या आंब्यावर रानातलं ऑर्किड बघितलंय, करडी-पिवळी चट्टेदार फुलं, म्हणाले तुला काढून आणतो. लावू का?

बागुलबुवा

वर्णनावरून वांडा टेसेलाटा वाटतंय, आपल्याकडचंच आहे, आंबा-महुआच्या खोडांवर असतं. आणू नका. खोडावरून ओरबाडलेली मुळं पुन्हा लागत नाहीत, दोन वर्षं जगून मरतं, आणि तिकडचं गेलं ते गेलंच. बी धुळीएवढं बारीक असतं आणि रुजायला विशिष्ट बुरशी लागते, नवं झाड सहजी तयार होत नाही. फार तर दिरांना म्हणा फुलं आली की फोटो काढा, मलाही पाठवा.

नवखी_माळीण

शेवटचा प्रश्न, मग धागा वर आणत नाही. नवी काठी गुडघ्याएवढी झाली, पण आता दिवाळी झाली, रात्री गार व्हायला लागलंय. डिसेंबरात आपल्याकडे आठ-दहापर्यंत उतरतं. हिला काय करायचं? नेटवर वाचलं की डेंड्रोबियमला थंडीत कोरडं ठेवलं की फुलतात.

निमाडी_मिरची

ते नोबिले जातीच्या डेंड्रोबियमचं, हिमालयाकडचं. त्याला थंडी आणि कोरडं दोन्ही लागतं. तुझी सोनिया गरम प्रदेशातली जात, रात्र १३-१४ च्या खाली गेली की पानं पिवळी करून टाकते. रात्री आत, दिवसा दक्षिणेच्या किंवा पूर्वेच्या उन्हात, थंडीतलं सकाळचं ऊन नेट न लावता पण चालतं. पानं गडद हिरवी दिसली तर ऊन कमी पडतंय, पोपटी झाली की बरोबर. पाणी आठवड्यातून दोनदा, सकाळी दहानंतर, नळाचं गार पाणी तसंच ओतू नकोस, आधी बादली उन्हात ठेव. एखाद-दुसरं खालचं पान गळलं तर धागा वर आणायची गरज नाही. सगळीच गळायला लागली तर आण.

छप्पन_दुकान

बायकोचं झाड पण कुंडीबाहेर आलंय. सगळं वाचून दाखवलं तिला. ती म्हणते मार्चपर्यंत हात लावायचा नाही आणि इस्त्रीवाल्याला आत्ताच सांगून ठेवायचं.